बॅकअपची डिस्क भरली आहे: जुनं नेमकं काय आणि कसं काढायचं

प्रश्न थोडक्यात असा: सांगलीच्या मार्केट यार्डात हळद-बेदाण्याचं अडत दुकान आहे. हिशेबाच्या मुख्य संगणकाचा बॅकअप रोज रात्री मॅक्रियम रिफ्लेक्ट हे सॉफ्टवेअर २ टीबीच्या यूएसबी डिस्कवर घेतं. आठ दिवसांपासून जागा अपुरी असल्याचा संदेश येतो आणि काम अर्ध्यावर थांबतं. डिस्कवर २०२२ पासूनच्या फायली आहेत. मुलगा म्हणतो, जुन्या तारखेच्या निवडून डिलीट करून टाकू. चालेल का? शिवाय गोदामात सिनॉलॉजीचा नॅस (नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी) आहे, कुपवाडच्या ऑफिसात वीम हे बॅकअपचं दुसरं सॉफ्टवेअर आहे. आज ना उद्या तिथंही हीच वेळ येणार.

मुलाला आजच्या रात्रीपुरतं थांबवा. जागा होईल, बहुधा नवी डिस्क न घेताही होईल. पण ती विंडोजच्या एक्सप्लोररमधून करायची नाही, आणि 'जुनी तारीख म्हणजे नको असलेली फाइल' हा हिशेब तर अजिबात धरायचा नाही.

अडतीच्या पेढीत वाढलेल्या माणसाला हे रोजकीर्दीवरून लगेच कळेल. फुल बॅकअप म्हणजे आरंभीची शिल्लक. त्यानंतरचं प्रत्येक इन्क्रिमेंटल म्हणजे रोजकीर्दीचं एकेक पान: कालच्यापेक्षा आज काय बदललं, एवढंच त्यात असतं. वीस तारखेची शिल्लक काढायची तर आरंभीची शिल्लक हवी आणि मधलं एकूण एक पान हवं. बारा तारखेचं पान फाडलं की तेरापासून पुढचं सगळं निकामी. डिफरेन्शियल म्हणजे आरंभीपासून आजवरची एकत्र बेरीज. तिला मधली पानं लागत नाहीत, पण आरंभीची शिल्लक लागतेच.

आता यादी तारखेनुसार लावून सगळ्यात जुनी फाइल उडवली, तर नेमकी आरंभीची शिल्लक उडण्याची शक्यता मोठी. खालची पानं डिस्कवर तशीच दिसतात, जागाही अडवून बसतात, उपयोग मात्र शून्य. आणि हे त्या दिवशी कळत नाही. सॉफ्टवेअरला जुना संच, म्हणजे एक फुल आणि त्यावर उभ्या पुढच्या फायली, सापडला नाही की ते निमूटपणे नवं फुल घ्यायला लागतं, म्हणजे जागा आणखी लवकर संपते. खरी गोष्ट कळते ती संगणकाची डिस्क गेल्यावर, रिस्टोअर करायला बसलं की.

तुम्ही वेगळं नाव दिलं नसेल तर मॅक्रियमच्या फाइलचं नाव सोळा अक्षर-अंकांच्या ओळख-क्रमांकानं सुरू होतं. पुढं ००-००, ०१-०१, ०२-०२ असे आकडे येतात. ओळख-क्रमांक एकच असलेल्या सगळ्या फायली एका संचातल्या, आणि ००-०० असलेली फाइल म्हणजे त्या संचाचा पाया. कागदावर संच मांडा: कोणता संच कधी सुरू झाला, त्यात किती फायली, एकूण किती जीबी. हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि पुढचा सगळा निर्णय त्यावर उभा आहे. डिस्क फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेली असेल, तर एका फाइलला ४ जीबीची मर्यादा असते. मग एकच फुल बॅकअप शंभर तुकड्यांत दिसतो आणि त्यातला एक तुकडा गेला तरी पूर्ण फुल गेलं.

काढण्याआधी एक प्रश्न विचारायचा, जो बहुतेक जण विचारत नाहीत: डिस्क आत्ताच का भरली? दोन-तीन वर्षं पुरली आणि या महिन्यात संपली, याला कारण असतं.

गेल्या वीस-पंचवीस दिवसांच्या इन्क्रिमेंटल फायलींचे आकार एकाखाली एक लिहा. रोजचे ४ ते ६ जीबी येत असताना मध्येच एखादा २५ जीबीचा असेल, तर बहुधा त्या रात्री विंडोजचं मोठं अपडेट झालं. रोजच ३०-४० जीबी व्हायला लागले असतील, तर कुणीतरी त्या संगणकावर सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवायला सुरुवात केली असेल, लग्नाचे व्हिडिओ टाकले असतील किंवा डिफ्रॅगमेंट चालवलं असेल. डिफ्रॅगनं फायली बदलत नाहीत, पण डिस्कवरच्या त्यांच्या जागा हलतात, आणि इमेज, म्हणजे आख्ख्या डिस्कची प्रत, घेणारं सॉफ्टवेअर डिस्कवरचे तुकडे (ब्लॉक) पाहतं, फाइल नव्हे. त्याच्या लेखी ते सगळं बदललेलंच.

पण एखाद्या दिवसापासून इन्क्रिमेंटल अचानक जवळजवळ पूर्ण डेटाच्या आकाराचं झालं असेल, तर हात थांबवा. बॅकअप डिस्कची केबल काढा आणि आधी मुख्य संगणक तपासा. खंडणीखोर व्हायरस फायली एन्क्रिप्ट करतो तेव्हा बॅकअपच्या नजरेत सगळ्याच फायली बदललेल्या दिसतात, आणि एन्क्रिप्ट झालेला डेटा कॉम्प्रेसही होत नाही. म्हणून 'जागा संपली' हा संदेश कधीकधी व्हायरसची पहिली खूण असतो. अशा वेळी जागा करायला म्हणून जुनं काढलं, तर शाबूत असलेली शेवटची प्रत आपल्याच हातानं जाते. फायलींची नावं विचित्र शेपटीची झालीत का, फोल्डरांत पैसे मागणारी मजकुराची फाइल पडली आहे का, हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडतं का, हे पाहूनच पुढं जा.

हे सगळं ठीक असेल, तर आधी ती जागा मोकळी करा जिला बॅकअपच्या साखळीशी काहीच देणंघेणं नाही.

बॅकअपच्या डिस्कवर माणसं बॅकअपशिवाय बरंच काही टाकतात. जागा कशानं अडली ते दाखवणारं ट्रीसाइझ किंवा विझट्री चालवून पाहा. फोटो, सिनेमे, जुन्या संगणकाचं 'तात्पुरतं' कॉपी केलेलं डेस्कटॉप निघतंच. त्या डिस्कचा रिसायकल बिन वेगळा असतो, तो रिकामा करा. मग डिस्कच्या प्रॉपर्टीजमध्ये वापरलेली जागा आणि दिसणाऱ्या फायलींची बेरीज ताडून पाहा. दोन-तीनशे जीबीचा फरक येत असेल तर तो सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन या लपलेल्या फोल्डरातल्या शॅडो कॉपींचा, म्हणजे विंडोजनं ठेवलेल्या डिस्कच्या जुन्या अवस्थांचा, असू शकतो. सिस्टिम प्रोटेक्शनमध्ये त्या ड्राइव्हसाठी संरक्षण चालू असेल तर बंद करून त्या काढता येतात. एक अपवाद पक्का लक्षात ठेवा: त्या डिस्कवर विंडोज सर्व्हर बॅकअप चालत असेल तर त्या शॅडो कॉपी म्हणजेच त्याचे जुने बॅकअप. त्यांना असं परस्पर उडवायचं नाही.

यानंतर पोरके संच पाहा, म्हणजे बॅकअपचं कुठलंच चालू काम ज्यांना आपलं मानत नाही असे. तुमच्याकडच्या २०२२ च्या फायली बहुधा याच जातीच्या असतील. मॅक्रियमचे रिटेन्शनचे नियम, म्हणजे किती प्रती ठेवायच्या याचे नियम, साधारणपणे जुळणाऱ्या संचांनाच लागू होतात. म्हणजे त्याच डिस्कची, त्याच पार्टिशनची इमेज हवी. मधल्या काळात संगणकात जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवला असेल, एखादं पार्टिशन वाढवलं असेल किंवा बॅकअपचं काम नव्यानं बनवलं असेल, तर सॉफ्टवेअरला जुना संच आपला वाटतच नाही. तो ना वाढतो, ना कमी होतो. नुसता जागा धरून बसतो. वीम, ॲक्रॉनिस, सगळीकडे हाच प्रकार: संगणकाचं नाव बदललं, काम नव्यानं बनवलं, आणि जुना संच मालकाविना राहिला.

पोरका संच काढणं सगळ्यात सुरक्षित, कारण त्याच्यावर नवं काहीच अवलंबून नाही. काढायचा तर आख्खा काढायचा. अर्धा ठेवून फायदा नाही.

आता प्रत्यक्ष क्रम. यातली पहिली पायरी लोक हमखास टाळतात: काहीही काढण्याआधी एक ताजं, तपासलेलं फुल हातात हवं. भरलेल्या डिस्कवर त्याला जागा नसणार, म्हणून दुसरी डिस्क आणा. 'नवी डिस्क न घेताही होईल' असं वर म्हटलं ते जागेपुरतं खरं आहे. सुरक्षिततेसाठी दुसरी डिस्क तशीही हवीच, त्याचं कारण पुढं पुराच्या मुद्द्यात येईल. नव्या डिस्कवर फुल घ्या, मॅक्रियमचं व्हेरिफाय चालवा आणि मग ब्राउझ इमेजनं ती इमेज ड्राइव्हसारखी उघडा. टॅलीचं डेटा फोल्डर त्यातून दुसऱ्या जागी कॉपी करा आणि टॅलीत उघडून कालची शेवटची नोंद दिसते का ते पाहा. व्हेरिफाय एवढंच सांगतं की जे लिहिलं होतं तेच वाचता येतंय. जे लिहिलं ते कामाचं होतं का, हे फक्त उघडून कळतं.

वेळेचा अंदाज असू द्या. यूएसबी ३ च्या साध्या हार्ड डिस्कला सेकंदाला १०० ते १२० एमबी धरले, तर ३०० जीबीला साधारण पाऊण ते एक तास लागतो. चुकून जुन्या यूएसबी २ च्या खाचेत केबल घातली तर वेग ३०-३५ एमबीवर येतो आणि तेच काम अडीच-तीन तासांवर जातं. हंगामात रात्री उशिरापर्यंत पट्ट्या फाडणं चालू असेल तर हे काम सुट्टीच्या दिवशी काढा, आणि ३१ मार्चच्या आगेमागे तर बॅकअपच्या मांडणीला हातच लावू नका.

फुल तपासून झालं की जुन्या डिस्ककडे या. मॅक्रियममध्ये एक्झिस्टिंग बॅकअप्सच्या यादीतून पोरका संच निवडा आणि तिथूनच डिलीट करा. होय म्हणण्याआधी कोणत्या फायली जाणार ते कागदावरच्या यादीशी ताडा. एक्सप्लोररमधून प्रयत्न केलात तर बहुधा परवानगी नाही असा संदेश येईल, कारण इमेज गार्डियन नावाची राखण चालू असते. ती डिलीट करण्यासाठी बंद करू नका. आणि डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून, जिथं मॅक्रियम नाही म्हणून राखणही नाही, तिथून फायली उडवण्याचा शहाणपणा तर नकोच.

मग रिटेन्शनचे आकडे बदला. यात हिशेब साधा आहे, पण एक जागा मोजायची राहते. समजा तुमचं फुल ३१० जीबीचं आहे, रोजचं इन्क्रिमेंटल ५ जीबीचं, आणि दर महिन्याला एक नवं फुल. २ टीबीची डिस्क विंडोजला दिसते १,८६२ जीबीची. तीन फुल म्हणजे ९३०, तीन महिन्यांची इन्क्रिमेंटल म्हणजे ९० गुणिले ५, म्हणजे ४५०. झाले १,३८०. इथं लोक थांबतात आणि म्हणतात, पाचशे जीबी शिल्लक, चला आणखी एक फुल ठेवू. पण जुनं काढण्याचा नियम सहसा नवं घेऊन झाल्यावर चालतो. म्हणजे चौथं फुल लिहिलं जाताना आधीची तिन्ही डिस्कवर असतात. त्याचे ३१० धरले की १,६९०. उरले १७०, म्हणजे जेमतेम ९ टक्के. याहून घट्ट बसवू नका. एखादं विंडोज अपडेट आणि हंगामातली वाढीव नोंद एवढी जागा सहज खाते.

मॅक्रियममध्ये बॅकअपच्या आधीच जुनं काढण्याचीही सोय आहे, आणि डिस्कवर ठरावीक जीबीपेक्षा कमी जागा उरली की सगळ्यात जुना संच काढण्याचीही. दुसरी चांगली आहे, चालू ठेवा. पहिलीपासून जपून राहा. आधी जुनं गेलं आणि नवं घेताना वीज गेली किंवा केबल हलली, तर दोन्हीकडून हात रिकामे. डिस्कवर किमान आणखी दोन संच उरत असतील तरच ती वापरावी. मॅक्रियमची फुकट आवृत्ती अजून चालवत असाल तर हेही जाणून घ्या की तिची सुरक्षा-अपडेट्स १ जानेवारी २०२४ पासून बंद आहेत.

काही सॉफ्टवेअरांत जागा सोडली तरी फाइल लहान होत नाही, आणि लोक पुन्हा पुन्हा डिलीट करत बसतात. ॲक्रॉनिसच्या नव्या टीआयबीएक्स पद्धतीत जुन्या आवृत्त्या काढल्यावर आतली जागा रिकामी होते, पण फाइलचा आकार तोच दिसतो. पुढचे बॅकअप ती रिकामी जागा वापरतात. पोतं रिकामं केलं म्हणून गोदाम लहान होत नाही, तसंच. इथं आणखी काही काढण्याची गरज नसते, फक्त पुढचे चार दिवस आकार वाढतो का ते पाहायचं.

कुपवाडचं वीम

वीममध्ये तीन प्रकारच्या फायली दिसतील: व्हीबीके म्हणजे फुल, व्हीआयबी म्हणजे इन्क्रिमेंटल, आणि व्हीबीएम म्हणजे सगळ्याची सूची. एजंटच्या, म्हणजे वीमच्या एकेका संगणकावर बसवायच्या आवृत्तीच्या, साध्या मांडणीत एकच व्हीबीके असतो. मुदत संपली की सगळ्यात जुनं इन्क्रिमेंटल त्या व्हीबीकेत मिसळलं जातं. म्हणजे तुमचा फुल रोज एक दिवस पुढं सरकतो; जुन्या तारखेचं वेगळं काही उरतच नाही. इथं जागा कमी करायची तर दिवसांचा आकडा कमी करायचा आणि बॅकअप एकदा चालू द्यायचा. हात लावायचा नाही.

दोन गोष्टी मात्र खटकतील. एक, संगणकातून २०० जीबी डेटा काढला तरी व्हीबीके तेवढाच राहतो. त्याला आकसवायला कॉम्पॅक्ट नावाची देखभालीची सोय आहे, पण ती नवी फाइल लिहून मग जुनी काढते. म्हणजे आणखी एका फुलएवढी मोकळी जागा लागते. जागा नाही म्हणून कॉम्पॅक्ट करायचं आणि कॉम्पॅक्टला जागा नाही, असा पेच होतो. तेव्हा दुसऱ्या डिस्कवर नवी साखळी सुरू करणं सोपं. दोन, कुणी कधी स्टँडअलोन फुल बॅकअप घेतला असेल तर तो वेगळ्या फोल्डरात जातो आणि रिटेन्शन त्याला शिवत नाही. वर्षानुवर्षं पडून राहणारी शेकडो जीबी इथंच सापडतात. हा मात्र स्वतंत्र असतो; त्याच्यावर काही अवलंबून नाही, तेव्हा फोल्डर हातानं काढला तरी चालतं.

वीमची मोठी आवृत्ती, बॅकअप अँड रेप्लिकेशन, असेल आणि दर रविवारी फुल ठरवला असेल तर 'सात ठेवा म्हटलं आणि चौदा का दिसतात' ही तक्रार ठरलेली. रविवारचा फुल आणि सोम ते शनि सहा इन्क्रिमेंटल, ही सातांची एक साखळी. पुढच्या रविवारी नवी सुरू होते, पण नव्या साखळीत सात पूर्ण होईपर्यंत जुनीतलं एकही काढता येत नाही, कारण तिचा शनिवार टिकवायचा तर रविवारपासून सगळं टिकवावं लागतं. म्हणून दुसऱ्या शनिवारी चौदा होतात आणि मग आख्खी जुनी साखळी एकदम जाते. हा बिघाड नाही, जागेचा हिशेबच चौदाचा धरायचा. मासिक-वार्षिक म्हणून खूण केलेले फुल या नियमातून वेगळे असतात, तेही पाहून घ्या.

याच आवृत्तीत बॅकअपवर उजवी क्लिक केली की दोन सारख्या वाटणाऱ्या ओळी येतात. रिमूव्ह फ्रॉम कॉन्फिगरेशन म्हणजे वीमच्या वहीतून नाव खोडलं. फायली डिस्कवर तशाच, जागा एक एमबीही सुटत नाही. डिलीट फ्रॉम डिस्क म्हणजे खरंच गेलं, परत नाही. पहिलं करून 'जागा का सुटली नाही' विचारणारे पुष्कळ. दुसरं चुकून करणारे थोडे, पण त्यांचं नुकसान मोठं.

वर सांगितलेल्या व्हीबीकेत मिसळण्याच्या (मर्जच्या) कामाला वेळ लागतो. खिशात मावणाऱ्या बऱ्याच यूएसबी डिस्क एसएमआर जातीच्या, म्हणजे डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहिणाऱ्या, असतात. त्या सरळ लिहिताना ठीक, पण जुन्या फाइलच्या मधेमधे लिहायला लागल्या की कासवगतीनं चालतात. मर्ज रात्रभर चाललं तर डिस्क बिघडली असं समजून केबल ओढू नका. संगणकाला यूपीएस हवाच, आणि झोपेची सेटिंग बंद हवी. वळिवाच्या दिवसांत संध्याकाळी वीज जाणार हे गृहीत धरूनच वेळ ठरवा.

गोदामातला नॅस

सिनॉलॉजीच्या हायपर बॅकअप या ॲपमध्ये त्या कामाच्या व्हर्जन लिस्टमध्ये जाऊन आवृत्ती काढायची. फाइल स्टेशनमधून बॅकअपच्या फोल्डरात शिरायचं नाही. काढल्यावर आकडा लगेच हलत नाही, जागा परत मिळवण्याचं काम मागं सावकाश चालतं. रात्र जाऊ द्या. रोटेशनसाठी स्मार्ट रिसायकल निवडा: गेल्या २४ तासांतल्या तासातासाच्या, महिनाभरातल्या रोजच्या आणि त्याआधीच्या आठवड्याला एक, अशा आवृत्त्या ते ठेवतं. दुकानासाठी हे पुरेसं आहे.

नॅसवर डिलीट केलेलं खूपसं जातच नाही. प्रत्येक सामायिक फोल्डराचा आपला रिसायकल बिन असतो, आणि बीटीआरएफएस पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या व्हॉल्यूमवर स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या डेटाची गोठवलेली स्थिती) चालू असतील तर काढलेली फाइल जुन्या स्नॅपशॉटमध्ये जिवंत असते. तो स्नॅपशॉट मुदत संपून जाईपर्यंत तिची जागा सुटत नाही. ही अडचण वाटली तरी व्हायरसच्या वेळी तोच स्नॅपशॉट वाचवतो. तेव्हा सगळे स्नॅपशॉट एका फटक्यात उडवू नका, मुदत कमी करा.

शिवाय एकसारखे तुकडे एकदाच साठवणाऱ्या सॉफ्टवेअरात आकड्यांवर विश्वास ठेवता येत नाही. २०० जीबीची दिसणारी आवृत्ती काढली आणि सुटले ८ जीबी, असं होतं, कारण बाकीचे तुकडे उरलेल्या आवृत्त्याही वापरत असतात. दहा आवृत्त्या काढून काही होत नाही आणि अकरावी काढल्यावर एकदम जागा होते. रेस्टिक, बोर्ग ही बॅकअपची सॉफ्टवेअरं वापरणाऱ्यांनाही हेच भोवतं, आणि त्यांच्याकडे आणखी एक पायरी असते. रेस्टिकमध्ये फरगेट फक्त नाव विसरतं. जागा सुटते ती प्रून चालवल्यावर, आणि प्रूनला तुकडे नव्यानं बांधायला थोडी मोकळी जागा लागते. डिस्क काठोकाठ भरली असेल तर पुन्हा बांधण्याची मर्यादा शून्य ठेवून प्रून चालवायचं. बोर्गच्या १.२ पासून प्रूननंतर कॉम्पॅक्ट वेगळं चालवावं लागतं. दोन्हींत आधी ड्राय रन करून काय जाणार ते पाहण्याची सोय आहे. ती वापरायला कंटाळू नका.

बिलिंगचं सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हरवर चालत असेल, तर त्याच्या आपोआप साफ करणाऱ्या कामात एक क्षुल्लक चूक सर्रास सापडते. मेंटेनन्स क्लीनअपमध्ये फाइलची शेपटी टिंबासकट लिहिली जाते. ती टिंबाशिवाय लिहायची असते. टिंब दिलं की काम रोज यशस्वी दिसतं आणि एकही फाइल जात नाही. उपफोल्डरांचा चौकोन टिक करायचा राहिला तरी हेच. आणि इथंही साखळी आहेच: फुल काढलं की त्याच्यावरची डिफरेन्शियल आणि लॉग बॅकअप मागं राहून काही कामाची नाहीत.

क्लाउडवर एक प्रत असेल तर तिथल्या 'डिलीट'चा अर्थही पाहा. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते आणि तोवर जागाही धरते. ॲमेझॉनच्या एस३ या साठवणीत व्हर्जनिंग (जुन्या आवृत्त्या राखणं) चालू असेल तर डिलीट म्हणजे फक्त वर एक खूण. खालची जुनी आवृत्ती राहते आणि तिचं भाडंही चालू राहतं. ग्लेशियर डीप आर्काइव्ह या तिथल्याच दीर्घकाळच्या साठवणीला किमान १८० दिवसांचं भाडं द्यावंच लागतं, आधी काढलं तरी. आणि ऑब्जेक्ट लॉक हे फायलींचं मुदतबंद कुलूप कंप्लायन्स पद्धतीनं लावलं असेल तर मुदतीआधी मालकालाही काढता येत नाही. ते तसंच असायला हवं.

घरच्या लॅपटॉपवर विंडोजचं फाइल हिस्टरी असेल तर तिथं काही अवघड नाही: कंट्रोल पॅनेलमधल्या फाइल हिस्टरीच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये क्लीन अप व्हर्जन्स. वर्षाहून जुन्या निवडा. प्रत्येक फाइलची सगळ्यात अलीकडची आवृत्ती ते ठेवतंच.

काय काढायचं नाही

जुना रोजचा बॅकअप काढायला लोक घाबरतात ते बहुतेक वेळा कराच्या भीतीनं. ही भीती अर्धी खरी आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. म्हणजे २०२३-२४ चं वार्षिक विवरण ३१ डिसेंबर २०२४ ला देय, तर ती कागदपत्रं ३१ डिसेंबर २०३० पर्यंत. फर्म कंपनी असेल तर कंपनी कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे आठ आर्थिक वर्षांची पुस्तकं. पण कायद्याला पुस्तकं हवीत. २०२२ च्या प्रत्येक रात्रीची आख्खी विंडोजसकट इमेज नको.

म्हणून वर्षअखेरीची प्रत वेगळी काढा. ऑडिट पूर्ण होऊन शेवटच्या नोंदी पडल्या की त्या वर्षाच्या डेटाचा टॅलीचा स्वतःचा बॅकअप घ्या. सोबत ताळेबंद, नफा-तोटा आणि खातेवह्यांचे पीडीएफ ठेवा. हे सगळं रोजच्या बॅकअपच्या फोल्डराबाहेर, दोन वेगळ्या ठिकाणी. ही प्रत काही जीबीचीच असते. अशा प्रती हातात असल्या की २०२२ चा पोरका संच काढताना मन कचरत नाही. मात्र एकदा तो संच ब्राउझ करून त्यातला त्या वर्षाचा डेटा खरंच या प्रतीत आहे का, ते काढण्याआधी बघा. एसएसडी बदलताना मागं राहिलेलं एखादं फोल्डर फक्त तिथंच असतं, असंही होतं.

दुसरी डिस्क का हवी, ते सांगलीकराला फार समजावावं लागू नये. २००५, २०१९ आणि २०२१ ला पाणी आलं तेव्हा संगणक आणि त्याच्या शेजारची बॅकअप डिस्क दोन्ही एकाच टेबलावर असतील, तर बॅकअप घेतला काय आणि न घेतला काय. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी. पाणी चाळिशीकडे निघालं की डिस्क हलवायची, असं ठरवून ठेवण्यापेक्षा एक डिस्क कायमच पूररेषेबाहेरच्या घरी ठेवा आणि दर आठवड्याला अदलाबदल करा. मॅक्रियममध्ये दोन्ही डिस्कचं फोल्डर त्याच कामात पर्यायी ठिकाण म्हणून देता येतं. जी जोडलेली असेल तिच्यावर ते लिहितं. दोन्ही डिस्कवर रिटेन्शन आपापलं चालतं, म्हणून वरचा १,६९० जीबीचा हिशेब प्रत्येक डिस्कला वेगळा लागू.

साफसफाईनंतरच्या पहिल्या रात्री बॅकअप चालला का, ते सकाळी लॉग उघडून पाहा. हिरवी खूण पुरेशी नाही. इन्क्रिमेंटलच घेतलं की गुपचूप फुल घेतलं, किती जीबी लिहिले, किती जागा उरली, हे तीन आकडे डिस्कवर चिकटपट्टी लावून तारखेसह लिहा. महिन्यातून एकदा खाली नवी ओळ. रोजच्या इन्क्रिमेंटलचा आकार दुप्पट झालेला त्या पट्टीवर लगेच दिसतो, आणि पुढच्या महिन्याचं नवं फुल पडल्यावर सगळ्यात जुना संच खरोखर गेला का, हेही तिथंच कळतं. तो गेला नसेल तर काम आणि संच जुळत नाहीत. पुन्हा पोरका संच तयार होतोय असं समजा आणि लगेच रिटेन्शनची सेटिंग तपासा.